मागचा चाप

डेल्बर्ट स्टिडम बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरला तो काखेत झालरीची पिवळी लॅम्पशेड घेऊनच. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले होते आणि त्यावर आईची दुनळी बंदूक सुटी होऊन पडली होती. एकीकडे नळ्या, दुसरीकडे दस्ता. शेगडीवर घेवडा रटरटत होता. शेगडीकडे पाठ करून ऑर्लीना दस्त्याच्या मानेतली भेग दातकोरण्याने साफ करत होती.

"नळीतून वायर सहज जाते. मी बघितलंय," तो म्हणाला. "वर ही शेड बसवली की बैठकीत काय झोकात दिसेल दिवा! आईची आठवणही राहील."

"उजेड पाडायचा तर तू पाड. तिला कशाला कामाला लावतोस?"

"ऑर्ली, मेलीय ती बंदूक. मागचा चाप हलतसुद्धा नाही."

"सोमवारपर्यंत हलेल."

सोमवारी कंपनीचा बुलडोझर पुन्हा टेकडीवर चढणार होता. जमीन स्टिडमांची होती, पण तिच्या पोटातला कोळसा आजोबांनी कधीकाळी अंगठा उठवून विकला होता, आणि कोर्टाने तो अंगठा खरा मानला होता. मागच्या वेळी यंत्र आले तेव्हा आई हीच बंदूक मांडीवर घेऊन घराण्याच्या कबरींपुढे खुर्ची टाकून बसली होती. चालकाने यंत्र मुकाट वळवले. ते वळत असताना आईने दस्त्याच्या एका फटक्यात त्याचा दिवा फोडला आणि दस्त्याची मान तडकली ती तेव्हा. आता आईही त्याच कबरींत होती.

ऑर्लीनाने भेगेत कोमट सरस ओतला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दातांनी ताणून दस्त्याच्या मानेभोवती घट्ट गुंडाळली. मग नळ्यांची जोडी तुळईच्या आकड्याला तारेने टांगून तिने लाकडी डावाने हलकेच ठोकली. स्वच्छ, लांबत जाणारा नाद घरभर घुमला. सांधा कुठे सुटला असता तर फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली असती.

"ऐकलंस? मेलेलं असं बोलतं का?"

"बोलण्यात तू आईवर गेलीस," डेल्बर्ट पुटपुटला. शेड मात्र त्याने तिथेच ठेवली.

सरस वाळल्यावर दुसऱ्या दिवशी तिने बंदूक जोडली, दोन काडतुसे भरली, परसात मातीच्या बांधाकडे तोंड करून एका जुन्या टायरात घट्ट आवळली आणि चापाला लांब दोर बांधून अक्रोडाच्या झाडाआड उभी राहिली.

"दोर बांधतेस म्हणजे तुझाच तिच्यावर भरवसा नाही," मागोमाग आलेला डेल्बर्ट म्हणाला.

"भरवसा आहे रे. पण डोळे दोनच आहेत."

उजव्या नळीचा पुढचा चाप ओढला आणि बांधावरची माती उडाली. मग तिने दोर डाव्या नळीच्या मागच्या चापाला बांधला. ओढला. चाप जागचा हलला नाही.

"सांगितलं होतं," डेल्बर्ट म्हणाला.

 तिने काडतूस काढून घेतले, बंदूक टायरातून सोडवून पालथी केली आणि खालचे दोन्ही स्क्रू काढून तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. एक किंचित लांब होता. त्याचे टोक घासून चकाकत होते. तोच मागच्या भोकातून आत घुसून चापाला अडवत होता.

"सोडवताना प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर खोचून ठेवला होता मी. जिथला तिथे बसवलाय. म्हणजे अदलाबदल आधीचीच. माझ्याआधी ही कुणी उघडली होती?"

डेल्बर्ट बांधाकडे बघत राहिला. यंत्र आले त्याच्या आदल्या शरदात, सैन्यातून परतल्यावर, त्यानेच मोठ्या हौसेने बंदूक खोलून तेल दिले होते. सगळ्यांना बोलावून दाखवलेही होते.

"आईला माहीत होतं?" त्याने विचारले.

"चाप अडतो हे बोटाला कळत नाही होय? तुला बोलली नाही, एवढंच."

"म्हणजे अर्धीच बंदूक घेऊन बसली होती ती!"

"बंदूक अर्धी होती. ती नव्हती." ऑर्लीनाने पेचकस त्याच्यापुढे धरला. "घे. तूच बसव."

त्याने गुडघे टेकले आणि स्क्रू बदलून बसवले.  तिने काडतूस भरून बंदूक पुन्हा टायरात आवळली. दोर ओढताच डावी नळी धडाडली आणि कावळ्यांचा थवा ओरडत उठला. मग ऑर्लीनाने दोर सोडून टाकला, नवी काडतुसे भरली, दस्ता खांद्याला लावला आणि डेल्बर्ट नको नको म्हणत असतानाच दोन्ही नळ्या एकामागून एक बांधावर झाडल्या. दस्त्याची मान टिकली. तिचा खांदा मात्र धक्क्याने चांगलाच शेकला.

"कोर्ट त्यांच्या बाजूने आहे, ऑर्ली. शेरीफ येईल."

"येऊ दे. कॉफी पाजू. त्याचीही आजी वर आपल्याच कबरींत पुरलीय."

"आणि कंपनीवाले नाहीच वळले तर?"

"तर मला उचलून न्यावं लागेल. आपल्या पायांनी मी खाली उतरणार नाही."

डेल्बर्ट स्वयंपाकघरात गेला. लॅम्पशेड उचलून त्याने कोपऱ्यात लाकडांच्या पेटीवर टाकली. टेबलाजवळची एक खुर्ची ओढून हलवून पाहिली. मागचा पाय डगमगत होता.

"वर कबरींपाशी एकच खुर्ची आहे ना?" त्याने आतून हाक दिली. "सरसाचं भांडं कुठे ठेवलंयस?"