टॉवेलात गेलेलं औषध

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा मोटरपंप नव्हे हो! तळहाताएवढा, औषध ढकलणारा पंप. माझ्या नावावर एवढं खोटं खपवलंय, की आता गप्प बसवत नाही.

मच्छे गावच्या रुक्माबाईंच्या घरी मी चार वर्षांपूर्वी आलो. त्यांची मुलगी रचना जन्मापासून थॅलेसेमियाची. दर तीन आठवड्यांनी बेळगावला जाऊन रक्त चढवायचं. त्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं, आणि ते काढणाऱ्या गोळ्या तिला सोसत नव्हत्या. म्हणून आठवड्यातून पाच दिवस पोटाच्या कातडीत बारीक सुई टोचायची आणि मी रात्री आठ-दहा तास हळूहळू औषध आत सोडायचं.

रुक्माबाई दाराशी उभ्या राहून माझी घुरघुर ऐकायच्या.

"चाललंय न्हवं गं?"

"व्हय आई."

की बाई निर्धास्त! आत येऊन कधी बघितलं नाही. वयात आलेली पोरगी, तिला संकोच वाटेल म्हणायच्या.

कॉलेज सुरू झालं तशी रचना पोटावरच्या गाठींना वैतागली. टोचलं की सूज, सूज आली की खाज. एक दिवस तिनं सुई पोटाऐवजी जुन्या टॉवेलात खुपसली. मला वाटलं, लेकरू दमलंय, एक दिवस चालेल. कसलं काय, दीड वर्ष झालं! मी आपला इमानानं ढकलतोय आणि औषध पितोय टॉवेल. सकाळी ती तो स्वतः धुवायची, तर आई शेजारणीला सांगायची, "माझी रचना लई शानी, आपलं आपण धुती."

मागच्या महिन्यात तिचा एमआरआय झाला. त्या खोलीत धातूच्या वस्तूंना मज्जाव, म्हणून मी बाहेर रुक्माबाईंच्या पिशवीत. नंतर डॉक्टरांनी दोघींना बोलावलं.

"यकृतात लोह वाढलंय, हृदयातही. आणि या खेपेला मेंदूतसुद्धा दिसतंय. मेंदूतलं पुढं काय करेल, हे आज सांगता येत नाही. औषध नेमानं जातंय ना?"

"जातंय की! माझ्या कानांनी ऐकलंय न्हवं," रुक्माबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी रचनाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"मशीनच बिघडलं असंल," ती खाली मान घालून म्हणाली.

अहो, चार वर्षं जिच्या कुशीला होतो तिनं असं म्हणावं? रुक्माबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि रडत रडत म्हणाल्या, "मुडद्या, माझ्या पोरीचा घात केलास की रं!" डॉक्टरांनी नव्या पंपाची चिठ्ठी लिहून दिली.

आता मी माळ्यावर, मोडक्या मिक्सरशेजारी पडून असतो. काल आई बाहेर गेल्यावर रचना स्टुलावर चढली. मला हातात घेतलं, फडक्यानं पुसलं.

"चुकलं रं माझं," ती म्हणाली. "नव्याचंबी तसंच चाललंय. आईला कुठल्या तोंडानं सांगू?"

आणि मला परत माळ्यावर ठेवून गेली.

पोरी, मला सांगून काय उपयोग? मला तोंड नाही. लोह माझ्यात साठत नाही, तुझ्यात साठतंय. मला खोटं पाडलंस ते सोडलं मी. पण आज आई घरी आली, की तिला सांग.