पाठीच्या कण्यातलं पाणी

साखर मोजायच्या नळीच्या काचेवर उसाच्या रसाचा एक थेंब, त्यात अडकलेला बारीक बुडबुडा... आकडा धूसर. उत्कर्षानं काच पुसली, दुसरा थेंब सोडला, डोळा लावला. एकवीस. साखर भरली. कारखान्यानं रसायनशास्त्राची पदवी बघून तिला याच कामाला घेतलं होतं — आज कोऱ्हाळ्यातला घरचाच फड. पण बारा दिवस तिचं मन दुसऱ्याच थेंबांत होतं.

बांधावर आई. स्तनाचा कॅन्सर चार वर्षं गप्प राहिला आणि मग मेंदूत उगवला. औषध ठरवायचं तर ती गाठ आता कशी आहे ते कळायला हवं; तुकडा काढायचा तर कवटी उघडायला हवी — आणि आईचं एकच, "डोक्याला हात लावायचा न्हाय." रक्तात काही सापडलं नाही. मग बारामतीच्या डॉक्टरांनी मणक्यातून चमचाभर पाणी काढलं. मेंदूभोवती खेळणारंच पाणी ते. गाठीच्या जनुकांचे तुकडे त्यात सुटलेले असतात... असले तर. त्या 'तर'वर उत्कर्षा जेवत होती, झोपत होती.

फोन थरथरला. तिनं डॉक्टरांचा निरोप दोनदा वाचला, मग शब्द सुटे करून तिसऱ्यांदा. तुकडे सापडले. त्यांवरून, मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या गाठीला लागू पडू शकतात. कवटी उघडायची नाही.

तिनं आईला सांगितलं, जमेल तितकं सोपं करून.

"म्हंजी माझ्या डोक्यात काय हाय ते कमरेतनं कळलं?"

"व्हय."

"तुझ्या तात्यांना तीस वर्षं शेजारी बसून कळलं न्हाय."

उत्कर्षा हसली, हसतच राहिली — पाचटात बसकण मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"गोळ्यांनी किती दिवस निघतील?" आईनं मधेच विचारलं.

"माहीत न्हाय, आई."

आई फडाकडे वळली. "तात्या म्हणत्यात, ऊस गेला की रान नांगरायचं. त्यांना सांग, नांगर घालू नका. खोडवा ठेवायचा, बुडख्यांतनं ऊस परत फुटंल. पाण्याचं मी बघते."

गोळ्या काही महिने देतील, कदाचित जास्त, कदाचित... तिनं वाचलं होतं सगळं, टक्केवारीसकट. पण आत्ता ते आकडे आठवायला गेली तर आठवेनात. तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेलं पुढचं वर्ष तेवढं दिसत होतं — हिरवं, कमरेएवढं.