मोडलेल्या जहाजाचं नाव

एलिया मकासरेला देवाकडं खूण मागायची भारी खोड होती. शेळी विकायची तर खूण, बोअर घ्यायची तर खूण, दाढ काढायची तरी खूण. राहुरीच्या विद्यापीठात वायरमन म्हणून त्याची उभी हयात गेली. टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात न लावणारा हा माणूस देवाच्या बाबतीत मात्र इतका भोळा, की पाळकसाहेब चेष्टेनं म्हणायचे, "मकासरे, देवाला जरा उसंत द्या." एलिया हसायचा आणि पुन्हा मागायचा. बायको गेल्यापासून तर विचारूच नका.

त्याचा एकुलता मुलगा बेंजामिन, घरात बेन्या, जहाजावर फिटर होता. मागच्या वर्षी मुंबईच्या एजंटानं त्याच्यापुढं दोन जहाजं ठेवली. दोन्ही तेलाची. एकावर बेन्याचा जुना दोस्त होता, त्यामुळं त्याचा ओढा तिकडं. दुसऱ्याचं नाव होतं बेथानी स्टार. ते नाव ऐकलं आणि एलिया बसल्या जागेवरून उठला.

कारण गावातल्या चर्चची घंटा. ती एलियानंच भिंगारच्या जैनुद्दीनभाईकडून आणली होती. जैनुद्दीनभाईचा धंदा गुजरातेत मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान आणून विकायचा: दारं, खुर्च्या, नळ, आरसे. घंटा पितळेची, चांगली वजनदार. आतला लोलक हरवला होता, म्हणून एलियानं ट्रॅक्टरचा एक जाड बोल्ट वेल्डिंग करून बसवला. त्यामुळं पहिला ठोका खणखणीत पडायचा आणि दुसरा घसा बसल्यासारखा. दर रविवारी दोरी ओढायचा मान एलियाचा. त्या घंटेवर इंग्रजीत कोरलेलं होतं, बेथानी स्टार.

"आता आनखी कसली खून पाहिजे?" एलिया म्हणाला.

सून रूथ गावच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "पप्पा, घंटा मोडीतून आली ना? मग ते जहाज अजून चालतंय कसं?"

"एका नावाची दोन मानसं नसत्यात व्हय? आपल्याच गावात बजरंग किती हायेत, मोज."

बेन्या हसला. बापाचं मन मोडायचं त्याच्या जिवावर आलं. दोस्ताला फोनवर 'पुढच्या वेळी' म्हणाला आणि बेथानी स्टारवर चढला.

पहिल्या पहिल्यांदा सगळं ठीक होतं. बेन्या मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एलिया आणि रूथ ते ऐकायचे. जहाज लई म्हातारं आहे, स्वयंपाकी डाळीत साखर घालतो, असलंच काहीबाही. रूथनं मोबाईलवर एक ॲप घेतलं होतं. त्यात समुद्रावरची सगळी जहाजं ठिपक्यांसारखी दिसायची. बेथानी स्टारचा ठिपका एका किनाऱ्याबाहेर थांबलेला असायचा. रूथ भाजी चिरता चिरता त्याच्याकडं बघायची. नवरा कुठं आहे ते कळतंय, एवढंच तिला पुरे होतं.

मग बेन्याचा एक निरोप आला. "आम्ही काल सबंध दिवस जोरात चाललोय. इंजिन नुसतं तापलंय."

रूथनं ठिपका बघितला. तो काल होता तिथंच होता. परवाही तिथंच होता. त्या दिवशी भाजी करपली.

पुढचा निरोप ऐकताना एलियानं टीव्ही बंद केला. बेन्या हळू आवाजात बोलत होता. "पप्पा, आज मागच्या बाजूचं नाव रंगवायला सांगितलं. जुना रंग खरवडला तर खाली दुसरंच नाव. ते खरवडलं तर त्याच्या खाली तिसरं. आणि इथली घंटा बघितली मी. तिच्यावरचं नाव ग्राइंडरनं घासून काढलंय. आतला लोलकपण काढून टाकलाय. कुणाला विचारलं तर म्हणतात, आपलं काम कर."

आणि मग तो रविवार. थंडीचे दिवस होते, मुळा धरणाकडून आलेलं धुकं उसाच्या फडांवर बसलं होतं. एलियानं घंटा वाजवली, उपासना झाली, घरी आला तर रूथ ओट्याला टेकून उभी. तिनं मोबाईल पुढं केला.

"पप्पा," बेन्याचा आवाज होता, "इथं दाट धुकं पडलंय आणि आत्ता पुढच्या टोकाकडून घंटा ऐकू आली. आपली घंटा. ती दुसऱ्या ठोक्याला बसते ना, तश्शीच. सगळ्यांनी ऐकली. कॅप्टन ओरडत होता, कोण वाजवतंय म्हणून. तिथं कुणीच नव्हतं."

निरोप पाठवल्याची वेळ आणि एलियानं दोरी सोडल्याची वेळ एकच होती. देव बोलतोय असं त्याला नेहमी वाटायचं. या वेळी पहिल्यांदा वाटलं, बोलणारा देव नसला तर?

दुसऱ्या दिवशी त्यानं एसटी पकडली आणि भिंगार गाठलं. जैनुद्दीनभाई दुकानापुढं जहाजाच्याच एका खुर्चीवर बसून चहा पीत होता. एलियानं सगळं सांगितलं. जैनुद्दीनभाईनं कप खाली ठेवला.

"एलियाभाऊ, बेथानी स्टार मेली की हो. मी सोता तिथं हुतो. भरतीला तिला किनाऱ्यावर चढवली, गॅस कटरनं पोट फाडलं. ती घंटा माझ्यासमोर काढलेली हाय."

"मंग माझं पोरगं बसलंय ते कोन?"

"दुसरंच कुनीतरी. आता बगा, गावानं एखादं घर वाळीत टाकलं तर त्याचं दूध कुनी उघड घेत न्हाई. पन दूध तर विकायचं हाय. मंग मागल्या दारानं, दुसऱ्याच्या नावानं जातं. तसंच हाय हे. ज्या देशाचं ते तेल, त्याला जगानं वाळीत टाकलंय, दहशतवाद्यांना पोसतो म्हनून. त्याचं तेल न्यायचं तर जहाजाला खरं नाव सांगून भागत न्हाई. मंग मोडीत निघालेल्या जहाजाचं नाव लावत्यात. ठिकाना पन खोटा दावत्यात."

"पन मेलेल्याचंच नाव का?"

"जित्याचं घेतलं तर जिता बोंब मारंल," जैनुद्दीनभाई म्हणाला. "मेलेला तक्रार करीत न्हाई." मग त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "पन एक सांगू का? मला हे बरं वाटत न्हाई. ज्याचं नाव घेतलं, तो आपलं नाव मागायला येतोच कवातरी."

एलियानं एजंटाला फोन लावला. एजंट गोड बोलला. "काका, गप राहा. दहशतवादाच्या भानगडीत नाव आलं तर पोरगा कायमचा आत जाईल. करार संपला की घरी." रूथनं जहाजांच्या सरकारी कचेरीला ईमेल केला. उत्तर आलं, अगदी अदबशीर: आपण कळवलेलं जहाज नोंदीनुसार मोडीत काढण्यात आलं असून अशा जहाजावर कोणीही भारतीय खलाशी असू शकत नाही. रूथनं ते मोठ्यानं वाचलं आणि मग आत जाऊन बेन्याचे धुतलेले शर्ट पुन्हा धुवायला काढले.

घंटा वाजवू नये असं एलियाला फार वाटलं. पण रविवारी लोक दारात उभे, पाळकसाहेब घड्याळ बघतायत. काय सांगणार, माझी घंटा समुद्रात ऐकू येते? लोक म्हणाले असते, म्हातारा चळला. त्यानं दोरी धरली. पुढच्या रविवारीही धरली. आणि त्याच्या पुढच्या रविवारी दोरी ओढली तर पहिला ठोका नेहमीसारखा पडला, दुसरा पडलाच नाही. म्हणजे लोलक आपटला, हाताला हिसका बसला, पण आवाज आला तो भरल्या हौदात दगड सोडल्यासारखा. बनुबाई शेजारीण म्हणालीसुद्धा, "एलियाभावजी, घंटीला काय झालं वं?" एलिया शिडी लावून वर चढला. कुठं तडा नव्हता. घंटेची आतली बाजू ओली होती, इतकंच. थंडीचं दव असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी मोबाईलवरचा ठिपका गेला आणि बेन्याचे निरोप थांबले.

तेव्हापासून एलियानं खूण मागणं सोडलं. काय मिळेल याचीच त्याला भीती वाटायला लागली. संध्याकाळी प्रार्थनेला बसला की पूर्वी तो जहाजाचं नाव घेऊन प्रार्थना करायचा, आता ते नाव त्याच्या तोंडातून फुटेना. तो नुसतं म्हणायचा, "आमचं पोरगं." रूथ म्हणायची, "आमेन." थंडी गेली, ऊस गेला, कारखान्याचा भोंगा बंद झाला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी फोन वाजला, एलियानं तो स्पीकरवर घेतला. रूथ मेथी निवडत होती. परदेशातल्या आपल्या वकिलातीतला अधिकारी बोलत होता, मराठीच निघाला, आवाज पण आपुलकीचा. एका देशाच्या आरमारानं बेथानी स्टार पकडलं होतं. बंदी घातलेलं तेल, खोटे कागद, सगळं उघड झालं होतं. "मी खलाशांना भेटायलाच आलोय. ज्यांची घरच्यांकडून ओळख पटेल त्यांना घरी सोडतायत. बाकीच्यांवर दहशतवादाला मदत केल्याचा खटला. तुमचा बेंजामिन सुखरूप आहे, मकासरे. फक्त त्याचा पासपोर्ट भिजलाय, फोटो पार गेलाय. तुम्ही आवाज ऐकून खात्री द्या, म्हणजे झालं."

रूथनं 'सुखरूप' एवढंच ऐकलं. मांडीवरची मेथी तशीच सांडून ती अनवाणी बाहेर धावली. "बनुबाई! अहो बनुबाई, ते सापडले! साखर द्या हो, आमची संपलीय!"

फोनमध्ये थोडी खरखर झाली. मग आवाज आला.

"पप्पा. मैं बेंजामिन."

तरुण, घाबरलेला, पाठ करून बोलल्यासारखा आवाज. एलियानं तो कधी ऐकला नव्हता. बेन्या बापाशी हिंदीत बोलेल कशाला? आणि स्वतःला बेंजामिन म्हणेल कशाला? नावं मेलेल्यांचीच घेतात. त्याच्या पोराचं नाव आज दुसऱ्याच्या तोंडी होतं, म्हणजे ते मोकळं झालं होतं. एलियाला सगळं एकदम कळलं आणि तो खाली फरशीवर मेथीत बसला.

"साहेब हायेत तितं?" त्यानं विचारलं.

"बाहर गये हैं. बाबूजी, हाँ बोल दीजिए. ये लोग छोड़ेंगे नहीं. उसकी जगह मुझे चढ़ाया था, कागज़ उसके दिये. मैंने माँगे नहीं थे."

"बेन्या कसा गेला?"

"मैंने सुना है, बाबूजी. जहाज़वाले बताते थे. इतवार था, कोहरा था. उसको आगे से घंटी सुनाई दी. बोला, मेरे पप्पा बजा रहे हैं. देखने गया. उधर रेलिंग टूटी हुई थी."

एलियानं उजव्या हाताकडं बघितलं. दोरी ओढून ओढून तळव्याला घट्टा पडला होता. तो हात तोडून टाकावा असं त्याला वाटलं. बाहेर रूथ हसत होती. तिचं हसू त्यानं किती महिन्यांत ऐकलं नव्हतं.

हो म्हणावं तर कागदावर बेन्या जिवंत राहणार. त्याला कुणी शोधणार नाही, त्याच्या मरणाची कुठं नोंद होणार नाही, त्याच्या नावानं हा दुसराच पोरगा कुठंतरी उतरेल आणि निघून जाईल. नाही म्हणावं तर बेन्याला त्याचं नाव परत मिळेल, आणि हा आत सडेल.

"तुझी आई हाय?"

"है, बाबूजी."

"तिला कळवलंस का?"

"किस नाम से बताऊँ?" पोरगा म्हणाला आणि रडायला लागला.

दार उघडल्याचा आवाज आला. अधिकारी पुन्हा फोनवर आला. "काय मकासरे, पटली ओळख? तुमचाच मुलगा ना?"

"व्हय साहेब," एलिया म्हणाला. "माजाच हाय. सोडा त्याला, घरी जाऊ द्या."

फोन बंद झाला. रूथ धापा टाकत आत आली, तिच्यामागं पदरानं डोळे पुसत बनुबाई. "काय म्हणाले, पप्पा? आवाज कसा होता त्यांचा? बारीक झालेत का?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं मूठभर साखर सासऱ्याच्या तोंडात घातली.

एलिया तसाच फरशीवर बसून राहिला. ती साखर गिळल्याशिवाय त्याला बोलता येणार नव्हतं, आणि ती त्याला गिळवेना.