दहापैकी दोन

माझं कामच तक्रारी ऐकण्याचं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीत मी दिवसभर कानाला फोन लावून बसते. या नोकरीने मला शहाणपण दिलंय ते एवढंच, की जो ओरडतो त्याचा फ्रिज आधी दुरुस्त होतो. जो बिचारा "बघा, जमलं तर पाठवा कुणाला" म्हणतो, त्याचं दूध नासतं आणि भाजी सडते. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. माझी आई तर अशी, की तिच्यापुढे रडलं की दूध आणखी उशिरा मिळायचं.

आईने सगळी हयात इस्पितळात काढली, भाजलेल्यांच्या वॉर्डात आया म्हणून. डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे. त्या वॉर्डात दुखणं थांबवायची इंजेक्शनं कायम तुटपुंजी. म्हणून सिस्टर खाटेखाटेपाशी जाऊन विचारायची, दहापैकी किती दुखतंय? आणि तिच्यामागे पाण्याचं भांडं घेऊन आई. "आकडा खरा सांगा हं. तुम्ही उगाच नऊ म्हणालात तर पलीकडच्या खऱ्या नवाचं इंजेक्शन तुम्हाला जाईल." खोटा आकडा म्हणजे तिच्या लेखी सरळ सरळ चोरी, तीही भाजलेल्या माणसाच्या उशाखालची.

हे वेड तिने घरीही आणलं. लहानपणी गुडघा फोडून घेऊन आले की विचारायची, "किती?" मी भोकाड पसरून सांगायचे, "सात!" ती म्हणायची, "चल, सात काय असतं ते दाखवते वॉर्डात." मग मी नाक पुसत एकवर यायचे.

ती पडली ती मोठ्या दुकानात, भांडी घासायच्या साबणाच्या रांगेत. कुठलीशी बाटली फुटून फरशीभर पसरली होती. गिऱ्हाइकं सकाळपासून त्या सांडलेल्याला वळसा घालून जात होती आणि दुकानातल्या एकाही माणसाला फडकं फिरवायला सवड नव्हती. आईने वर कुठल्या तरी डब्याची किंमत बघितली आणि पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. दुकानाचा मॅनेजर फुलं घेऊन भेटायला आला, सोबत खरेदीचं कूपन. म्हणजे पुन्हा या आणि पुन्हा पडा. मी ते कूपन त्याच्यासमोर टराटरा फाडलं, तर आईच मला रागावली.

हाडात सळई घातली, पण ते काही नीट धरलं नाही. डॉक्टर म्हणाले, सगळा सांधा बदलावा लागेल आणि लवकर, नाहीतर या खाटेवरून उठणार नाहीत. पहिल्या ऑपरेशनचं बिल दुकानाने मुकाट भरलं होतं. दुसऱ्याच्या वेळी मात्र त्यांनी हात वर केले. म्हणे, हाडं म्हातारपणाने झिजलेली, त्याला आमची फरशी काय करणार? माझ्या पगारात तो सांधा बसणं शक्य नव्हतं. उरली एकच वाट: वेदना आणि मनस्तापाची भरपाई.

"हाडाचं बिल असतं, दुखण्याचं नसतं," आमची वकीलबाई म्हणाली. "ते बोलून दाखवावं लागतं. कागदांवर काय आहे?"

कागदांवर दोन होते. दर तपासणीला डॉक्टरांनी विचारलं होतं, दहापैकी किती, आणि दर वेळी आईने सांगितलं होतं, दोन. वकीलबाईने कपाळाला हात लावला.

"मावशी, कूस बदलताना तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. हे दोन आहे?"

"पाणी काय, कांदा चिरतानाही येतं," आई म्हणाली.

मग मी तिची शिकवणी सुरू केली. संध्याकाळी कामावरून आले, की खाटेच्या कडेला बसून विचारायचे, "किती?"

"आठ," आई म्हणायची आणि पदराआड हसायची.

"हसत नको सांगूस. चेहरा तरी वाकडा कर."

"अगं, वाकडा केला की खरंच दुखतं."

तरी तिने मनावर घेतलं. कविता पाठ करणाऱ्या पोरीसारखी ती एकटी असतानाही आठ, आठ पुटपुटायची. तिला चालायचं होतं. दाराबाहेरच्या जिन्यापर्यंत जाऊन, तिथे बसून शेजारणीशी गप्पा मारायच्या होत्या, एवढंच. मला वाटलं, जमलं. गंगेत घोडं न्हालं.

सुनावणीची खोली अगदीच साधी निघाली. बाकं, कुरकुरणारा पंखा आणि टेबलामागे निकाल देणारे साहेब, सर्दीने बेजार. मी आईला चाकांच्या खुर्चीतून नेलं. वकीलबाईने विचारलं, "मावशी, किती दुखतं?" आई स्वच्छ आवाजात म्हणाली, "आठ." हसली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग दुकानाचा वकील उठला. मला दात विचकून अंगावर येणारा वकील हवा होता. हा तर जावई शोभावा असा. त्याने स्वतः उठून आईला पाण्याचा पेला दिला.

"मावशी, तुम्ही भाजलेल्यांच्या वॉर्डात होतात ना? माझी आत्या तिथेच होती. तुमच्यासारख्यांनीच तिचं केलं."

आईचा चेहरा एकदम मऊ झाला.

"तिथे आठ म्हणजे कसं असायचं?"

वकीलबाईने हरकत घेतली, पण साहेब रुमालात नाक धरून म्हणाले, सांगू द्या त्यांना.

"खिडकीजवळ एक मुलगी होती," आई म्हणाली. "चादर बदलताना आठ म्हणाली होती. आवाज असा, की सिस्टर बाहेर निघून गेली. मीच धरून होते तिला."

"आणि तुमचं दुखणं तेवढं आहे?"

मी तिच्याकडे रोखून बघत होते. तिने बघितलंच नाही माझ्याकडे.

"छे हो," ती म्हणाली. "तेवढं कुठलं. माझं दोन. थंडीत कधी तीन."

"आणि दहा?" हे साहेबांनी विचारलं, बहुधा नुसत्या कुतूहलाने.

"दहाला माणूस बोलत नाही. विचारलं तरी नुसतं बघत राहतं."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायची गरजच नव्हती. निकालात भरपाई मिळाली, अगदीच मिळाली नाही असं नाही. साहेबांनी बाईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही केलं. मिळालेल्या पैशात सांधा सोडाच, त्याचा एखादा खिळा आला असता.

येताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले. प्रत्येक खड्ड्याला आई रिक्षाची दांडी घट्ट धरत होती, तेही मी न बघितल्यासारखं केलं.

"ती खिडकीजवळची पोर समोर उभी राहिली गं," ती म्हणाली. "तिच्यापुढे कशी आठ म्हणू?"

"ती मेली ना? मेलेल्यांशी इमान राखलंस. उद्यापासून तुला कूस कोण बदलून देणार आहे, ती?"

मला तिचा इतका राग आला होता, की जिन्यावरून तिला वर नेणाऱ्या शेजाऱ्यांना मी उगाचच फाडफाड बोलले.

सांधा बदललाच नाही. आई खाटेला खिळली. पाठीला जखमा झाल्या, मग सळईच्या जागी पू झाला. रोज सकाळी डबा भरता भरता मी विचारायचे, "किती?" पहिल्यांदा टोमणा म्हणून, पुढे सवय म्हणून. दोनाचे चार झाले, चाराचे पाच. पावणेपाच, साडेपाच असलं काही नाही; आकडा नीट तोलून सांगायची. ज्या दिवशी ती सात म्हणाली, त्या दिवशी मी कामावरूनच वकीलबाईला फोन लावला. ती म्हणाली, निकाल लागला तो लागला, भरपाई मान्य म्हणून आपण सही केली आहे. फोन ठेवल्यावर पुढचा फोन आला. कुणाचं तरी मशीन पाणी सोडत नव्हतं आणि ते गृहस्थ आकाशपाताळ एक करत होते. मी लगेच माणूस पाठवला.

आईला ताप चढला तेव्हा तिच्याच इस्पितळात आणली. तिचा वॉर्ड नव्हे, हाडांचा. तिला ओळखणारं आता तिथे कुणी नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकले.

"आई, किती?"

ती बोलली नाही. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मी धावत जाऊन सिस्टरला पकडलं. कोवळीशी पोर, हातात ट्रे.

"दहा आहे तिचं. इंजेक्शन द्या. आत्ता!"

"सगळे नातेवाईक दहाच सांगतात, ताई," ती म्हणाली. "आम्हाला पुरवून पुरवून वापरावी लागतात. पेशंट स्वतः काय म्हणतायत?"

"ती बोलत नाहीये."

सिस्टरने खाटेकडे नजर टाकली. आई हलत नव्हती, कण्हत नव्हती.

"शांत आहेत की. पडू द्या तशाच."

मी सिस्टरचा हात धरला, तिला समजावू लागले, ओरडलेसुद्धा असेन. तिने हात सोडवून घेतला आणि पलीकडच्या खाटेकडे गेली. तिथला माणूस केव्हाचा जोरजोरात बोंबलत होता.