भोंग्याचा ऐकण्याचा पेपर

अहो, बसा की जरा. एक गोष्ट सांगतो, खरी आहे आणि फार लांब नाही. पण अर्ध्यात उठायचं नाही. आणि हसू आलं तर हसा खुशाल. मीही हसलो होतो आधी, त्याचीच तर आता लाज वाटते.

आमच्या शेडमध्ये एक मागवाला आहे. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण या माणसाला हळू बोलताच येत नाही. कुणाचं गुपित त्याने तुमच्या कानात सांगितलं, तर रस्त्यापलीकडचा दुकानदार मान हलवतो. आता मागाची शेड तुम्ही आतून पाहिली नसेल. साठ माग एकदम चालू असतात. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर खटाखट खटाखट. तिथे देवाने येऊन हाक मारली तरी बिचारा घसा दुखवून परत जाईल. म्हणून आम्ही आवाजाच्या नादी लागतच नाही, ओठ बघतो. पाच-सहा मागांपलीकडचा माणूस नुसते ओठ हलवतो, 'धागा तुटला', 'मुकादम आला', 'तुझी पँट मागे उसवली', आणि आपल्याला बिनचूक कळतं. भोंगा त्यात उस्ताद. चोवीस वर्षं झाली त्याला मागावर. मुकादम त्या टोकाला कुणाला शिव्या घालत असला, की हा या टोकाला उभा राहून आम्हाला शब्दन् शब्द सांगणार.

त्याची बायको नर्स. तीन वर्षांपूर्वी ती परदेशात, म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात नोकरीला लागली. वर्षभराने लेकीलाही घेऊन गेली. नऊ वर्षांची पोर आहे. मागोमाग भोंग्याने जायचं ठरलं होतं. पण तिथला कायदा असा, की नवऱ्याला इंग्रजी आलं पाहिजे. दोन पेपर द्यायचे, एक वाचण्याचा आणि एक ऐकण्याचा. ऐकण्याचा म्हणजे हेडफोन लावून बसायचं, आत कुणीतरी एकदाच बोलतं, आणि आपण भराभर उत्तरं लिहायची.

वाचायला भोंगा जिवावर उदार होऊन बसला. औषधाच्या पुड्यातला तो घडी घातलेला कागद असतो ना, तोसुद्धा सोडला नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन पाण्याच्या पंपाची गॅरंटी वाचायचा. पंप नव्हता त्याच्याकडे, नुसती गॅरंटी. वाचण्याच्या पेपरात पहिल्याच खेपेला पास झाला गडी. ऐकण्यात मात्र चाळीसपैकी सहा. दुसऱ्या खेपेला चार.

तेव्हा बायको फोनवर म्हणाली, "अहो, माझी फाईल पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला बंद होते. मग पुन्हा नवा अर्ज आणि दीड वर्ष. वाचायला येतं, मग ऐकायलाच काय धाड भरते?"

"अगं, करतोय की मी."

"तुम्हाला यायचंच नसेल तर तसं सांगा. पोर रोज विचारते. तिला काय सांगायचं ते मी ठरवीन."

त्या दिवसापासून भोंग्याचा डबा तसाच घरी परत जायला लागला. मागावर दोनदा ताणा तुटला आणि याला पत्ता नाही. आम्ही म्हणालो, "काय रे, बायको इंग्रजीत शिव्या देते का?" तो हसला नाही. तिथेच मला समजायला हवं होतं.

शिकवणीला जायचा तो एका रिटायर झालेल्या बाईंकडे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा पोरं-पोरी बसायची, आणि हा चव्वेचाळीस वर्षांचा घोडा पहिल्या रांगेत. बाईंनी इंग्रजीत काहीही विचारू दे, पोरं वर छताकडे बघत असायची तोवर याचं उत्तर तयार. बाई म्हणायच्या, "तुम्ही वर्गात वाघ आणि परीक्षेत शेळी कसे हो होता?"

तिसरी परीक्षा शनिवारी होती. बुधवारी संध्याकाळी बाईंनी त्याला एकट्याला बोलावलं आणि टेप लावला. एक बाई डॉक्टरकडे फोन करून वेळ मागते आहे, असा धडा होता. भोंगा पेन्सिल घेऊन टेपकडे टक लावून बसला, जणू आतून कुणी बाहेर डोकावणार आहे.

"काय म्हणाली ती?"

"बाई, तिला... खोली पाहिजे. भाड्याने."

"अहो, दात दुखतोय तिचा!"

बाईंनी टेप बंद केला आणि तोच धडा स्वतः वाचून दाखवला. भोंग्याची दहाच्या दहा उत्तरं बरोबर. बाई चक्रावल्या. दुसरा धडा वाचता वाचता त्या खिडकी लावायला उठल्या आणि पाठमोऱ्याच वाचत राहिल्या. वळून बघतात तर पेन्सिल थांबलेली.

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या. पुस्तक तोंडासमोर धरलं आणि आपल्या साध्या बोलीत, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या पायाशी साप आहे."

भोंगा अदबीने हसला आणि म्हणाला, "हो बाई."

बाईंच्या हातातलं पुस्तक मांडीवर पडलं.

"किती दिवसांपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येतं की. तुम्ही समोर असलात की चांगलं येतं."

म्हणताना त्याचं त्यालाच उमगलं. फोनवर बायकोला तो कायम चेहरा दाखवायला लावायचा. ती कामात असली आणि नुसता फोन आला, तर 'नेटवर्क नाही' म्हणून ठेवून द्यायचा. आपण लाड करतोय असं त्याला वाटायचं. मागांनी चोवीस वर्षांत कान कधी खाल्ले, ते ओठांनी त्याला कळूच दिलं नव्हतं.

"बायकोला आजच सांगा," बाई म्हणाल्या.

"नको बाई, पाया पडतो. बहिऱ्याला तिथे कोण घेणार? आणि इथे मुकादमाला कळलं तर मागावरून काढून गठ्ठे वाहायला लावील. शनिवारी आवाज मोठा करून बघतो."

"कान गेल्यावर आवाज कितीही मोठा केलात, तरी शब्द सुटे व्हायचे नाहीत हो."

पण बुडत्याला काडीचा आधार. शनिवारी सकाळी हा सगळ्यांच्या आधी जाऊन दारात उभा. मोठी खोली, समोरासमोर टेबलं, मध्ये वीतभर उंचीची फळी. हेडफोन लावला आणि आवाजाचं चाक होतं तिथवर फिरवलं. आत पाण्याखाली कुणीतरी भांडत असावं तसं घुं घुं. पहिला प्रश्न गेला. दुसरा गेला. डोळ्यांपुढे पोरगी दिसायला लागली.

आणि तेवढ्यात त्याचं लक्ष समोर गेलं. समोर एक गोल चेहऱ्याचा तरुण बसला होता. त्याला सवय अशी, की उत्तर लिहायच्या आधी ते पुटपुटायचं. आवाज नाही, नुसते ओठ. आता मागवाल्याला अजून काय पाहिजे? तिसरं उत्तर, चौथं, पाचवं. तो पुटपुटतोय आणि हा लिहितोय. अकरा उत्तरं लिहिली पठ्ठ्याने. चोरीच ती, मी नाही कुठे म्हणतो. पण तुम्हीच सांगा, दोन वर्षं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला नसेल, तर तुम्ही डोळे मिटून घेतले असते का?

पुढे त्या तरुणाने हनुवटी तळहातावर टेकवली आणि बोटं ओठांवर आली. संपलं. भोंगा डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, हात काही हलेना. खोटं कशाला बोलू, तो हात आला नसता तर भोंगा पास होऊन आला असता आणि ही गोष्ट तुम्हाला कळलीच नसती.

त्याने हात वर केला. देखरेखीचे साहेब आले, त्यांना वाटलं हेडफोन बिघडला. दुसरा दिला. पुन्हा हात वर, तिसरा दिला. मग भोंगा उभाच राहिला. त्याच्या मते तो हळूच बोलला.

"साहेब, हेडफोन बरा आहे! माझे कान गेलेत!"

खोलीतल्या सगळ्यांनी हेडफोनसकट माना वर केल्या.

साहेब त्याला बाहेर घेऊन गेले. माणूस भला निघाला, ओरडला नाही. समोर उभं राहून म्हणाला, "हा पेपर मी रद्द करतो. पण आधी का नाही सांगितलंत? तुमच्यासारख्यांची वेगळी परीक्षा असते. माणूस समोर बसून वाचतो, तुम्ही त्याच्याकडे बघून उत्तरं द्यायची."

"काय म्हणालात?"

साहेबांनी पुन्हा सांगितलं. भोंग्याने तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. कळलं नव्हतं म्हणून नाही हो.

ती परीक्षा पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आहे, म्हणजे फाईल बंद व्हायच्या आत. मात्र मोठ्या सरकारी दवाखान्यात मशीनवर कान तपासून त्याचा कागद दहा दिवसांत द्यायचा. खासगी डॉक्टरचा चालत नाही.

तिथेच फुटपाथवर उभं राहून त्याने बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिने फोन तोंडासमोर नीट धरला, ओठ दिसतील असा.

"माझे निम्मे म्हातारे बहिरे आहेत," ती म्हणाली. "दिवसभर मी त्यांच्यासमोर बसून सावकाश बोलते. आणि घरातला तेवढा ओळखता आला नाही मला. अहो, मला वाटलं, तुम्ही मुद्दाम नापास होताय."

"मुद्दाम? मी पंपाची गॅरंटी पाठ केली गं!"

ती रडता रडता हसली म्हणे. मग डोळे पुसून म्हणाली, "कागद आणा. काहीही करा, पण कागद आणा."

आता खरी अडचण ऐका. दवाखान्याच्या खिडकीवर गेलो तर तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. मी गेलो होतो बरोबर, कारण खिडकीतला माणूस खाली मान घालून बोलतो आणि भोंग्याला काचेपलीकडचं काही कळत नाही. रोज जातोय. हात जोडले, आवाज चढवला, एकदा तर तो खिडकीसमोर खालीच बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, सगळ्या रांगेदेखत. आज गुरुवार. मंगळवारी कागद पोचला पाहिजे, म्हणजे रविवार सोडला तर चारच दिवस.

काल कुणीतरी मला सांगितलं, की तुमची धाकटी मेहुणी त्याच दवाखान्यात कानाच्या मशीनवर बसते. रांग मोडा असं मी म्हणत नाही, कुणाचं नुकसान करून आपल्याला नको. पण कुणीतरी येत नाहीच की एखाद्या दिवशी. तेवढा अर्धा तास याला द्या म्हणावं. भोंगा सकाळी सहापासून दारात बसून राहील, त्याची काळजी नको. तेवढं तिला सांगा, आत्ता, माझ्यासमोर. लावता का फोन?