वरून बघायचा मासा

आक्कांना भावजयीचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून त्या अंगणातल्या तळ्याकडे बघत होत्या. तर ती बया तळ्यापाशीच येऊन उभी राहिली. आक्कांचा धाकटा भाऊ गेल्यापासून दोन वर्षं या दोघी एका घरात राहत होत्या, म्हणजे एकमेकींच्या डोळ्यांत खुपत होत्या.

“वन्सं, शाईच्या पोटावर लाल आलंय,” भावजय म्हणाली.

शाई म्हणजे तळ्यातला सगळ्यात जुना कोई, शोभेचा जपानी मासा. पांढऱ्याशुभ्र अंगावर दौत लवंडल्यासारखे काळे डाग. बोटाएवढी होती तेव्हा भावाने आणली होती. तो गेला, आणि त्याच्या हातचं जिवंत म्हणावं असं घरात तेवढंच उरलं. मूलबाळ नव्हतं. ते आक्का भावजयीला कधी विसरू देत नसत.

“रंग चढतोय,” आक्का म्हणाल्या. “थंडी सरली की चढतो. मागे काळे डाग गडद झाले तेव्हाही असाच गळा काढला होतास. आठवतंय ना?”

न आठवून सांगते कुणाला. थंड पाण्यात काळा रंग गडद होतो हे तिला ठाऊक नव्हतं. रोग समजून तिने आक्कांच्या माघारी पिशवीभर मीठ आणि बाटलीभर निळं औषध तळ्यात ओतलं होतं. तीन धडधाकट मासे उलटे तरंगले. तेव्हापासून तिच्याकडे फक्त दाणे टाकायचं काम राहिलं, तेही आक्कांची कंबर धरते म्हणून.

“तेव्हा चुकलेच मी. पण हा रंग नाही. दोऱ्यासारख्या लाल शिरा दिसतायत.”

“मग मला कशा दिसत नाहीत त्या?”

“हातातून दाणे खाताना ती कुशीवर वळते. खाली वाकून बघा ना.”

आक्का तरातरा आत गेल्या आणि भावाची वही घेऊन आल्या. वहीत दर ऋतूला काढलेले शाईचे फोटो होते. कधी पांढऱ्यावर पिवळट झाक, कधी डाग फिके, कधी पुन्हा काळेभोर. प्रत्येकाखाली त्याचं बारीक अक्षर: ‘पाणी थंड. खाते. सगळ्यांबरोबर फिरते. आजार नाही.’ आणि झाडून सगळे फोटो वरून काढलेले. कोई वरूनच बघायचा, त्याची सगळी शोभा पाठीवर, असं तो सांगायचा. आक्कांच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ होती.

“वीस वर्षं बघत होता तो मासे. तू काय बघितलंस गं? नवरा पिवळा पडत चालला होता, ते तरी दिसलं का तुला?”

“दिसलं होतं,” भावजय म्हणाली. “दगदगीने होतं असं, म्हणून तुम्हीच मला गप्प बसवलंत.”

आक्कांनी वही फटकन मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माशांचा डॉक्टर दारात हजर. भावजयीने परस्पर फोन केला होता. आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती न्हाणीघरात होती, तेवढ्यात आक्कांनी “काही झालेलं नाही, चुकून फोन लागला” म्हणून त्याची दारातूनच बोळवण केली. खरं तर मनात पाल चुकचुकली होती. पण त्याने तपासलं असतं आणि तिचंच खरं निघालं असतं, तर? मग माशाचीच गोष्ट राहिली नसती. भावाचीही निघाली असती.

“डॉक्टर कसे आले नाहीत?” भावजयीने दुपारी विचारलं.

“मला काय विचारतेस? मोठी माणसं ती, वेळ नसेल.”

तो दिवस आणि पुढचा दिवस भावजय फोन लावत राहिली. चुकून लागलेल्या नंबराचा फोन कोण उचलणार?

चौथ्या दिवशी शाई दाण्यांना वर आली नाही. पर अंगाला चिकटवून ती एकटीच कोपऱ्यात तळाशी बसली होती. वरून पाठ पांढरीशुभ्र, डाग काळेभोर, अगदी फोटोतल्यासारखे. आक्का कशाबशा गुडघ्यांवर बसल्या, बाही सरकवली, हात खाली घालून तिला हलकेच कुशीवर वळवलं. सगळं पोट रक्ताळलेलं होतं. खवले उभे राहिले होते आणि बोटांना खरखरीत लागत होते.

“अगं, बोलाव त्याला!” आक्का ओरडल्या. “जा, घेऊन ये!”

भावजय चप्पलही न घालता धावली. डॉक्टर आला, त्याने शाईला मिठाच्या पाण्याच्या टबात घेतलं, सुई टोचली.

“उशीर झालाय. परवा आलो होतो तेव्हाच बघू दिलं असतंत, तर आशा होती.”

“परवा?” भावजय म्हणाली.

“या बाईंनीच तर परत पाठवलं मला.”

भावजयीने आक्कांकडे पाहिलं. भांडण झालं असतं तर आक्कांना बरं वाटलं असतं, भांडता त्यांना येत होतं. पण ती वळली आणि टबापाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाई गेली. आक्कांनी भिंतीकडच्या झाडाखाली तिला पुरलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. भाऊ गेला तेव्हा माणसं जमली होती म्हणून इतकं रडता आलं नव्हतं.

मग डोळे पुसून त्या जाळी घेऊन तळ्याकाठी बसल्या. एकेक मासा जवळ ओढायचा, कुशीवर वळवायचा, पोट बघायचं, सोडायचा. कंबर मोडून आली तरी त्या उठल्या नाहीत.

मागे पायरीवर भावजय दाण्यांचा डबा घेऊन उभी होती.

“कशाला त्रास घेताय, वन्सं?” ती म्हणाली. “वरून चांगले दिसतायत की सगळे.”