सहावं स्टेशन

आमची मेट्रो पाच स्टेशनांतच दमते. सहावं झालं असतं, तर महलकाच्या दाराशी आलं असतं. महलका म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. गेल्या हिवाळ्यात ती बसथांब्यावरच्या बर्फात घसरून पडली आणि हट्टाला पेटली. बस नको, टॅक्सी नको, मेट्रो आली की येईन. इकडे माझ्या बायकोला, फुरूजानला, मेट्रो सोडून प्रत्येक गाडीत मळमळतं. बहिणी रोज फोनवर बोलतात. फोन ठेवला की फुरूजान रडते. मला ते बघवत नाही, म्हणून मी चिडतो.

टोरांटोचे साहेब म्हणतात, गाडीत माणसंच नसतात, तर पुढे कशाला न्यायची? तरी एकदा मोजून बघू म्हणाले. मी ओळखीचे सगळे इराणी म्हातारे गोळा करून शेवटच्या स्टेशनात नेले. बेत सोपा होता. दिवसभर चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. मोजायला पर्निया नावाची मुलगी आली होती. गाडी आली, दार उघडलं.

"कियानीसाहेब, तुम्ही आधी."

"तूबाखानूम, तुमच्या आधी मी? लाजवताय."

"तुम्ही वयाने मोठे."

"वय कशाला काढता? फुरूजानखानूम चढतील."

"पाहुणे उभे ठेवून मी चढू? शोभतं का?"

दार मिटलं. गाडी रिकामी गेली. दुसरीही तशीच गेली. तिसरीला माझं डोकं फिरलं. "चढा की आता. हे काय लग्नघर आहे?"

"मग बहमनजान, आधी तुम्ही," सगळे म्हणाले.

मी चढलो. मागे दुसरं कोण, यावर वाद सुरू झाला आणि दार लागलं. मी एकटाच पलीकडच्या टोकाला जाऊन परत आलो, तर फलाटावर थर्मास उघडलेला. पर्नियाही आमच्यातलीच निघाली. रीतीप्रमाणे तीनदा नको म्हणून ती आता चहा पीत होती. दिवसअखेर तिच्या मोजणीत प्रवासी एकच, मी.

महिन्याभरात निकाल लागला. प्रवासी नाहीत, मेट्रो वाढवू नये. मात्र शेवटच्या फलाटावर वृद्ध फार ताटकळतात, तिथे दोन बाकं टाकावीत. बाकं मात्र लगेच आली.

फुरूजानने फोनवर हे सांगितलं.

"माझ्या हयातीत काही खणत नाहीत ते," महलका म्हणाली. "शुक्रवारी टॅक्सी करते. तू ये त्या बाकांपाशी."

मला भरून आलं. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

शुक्रवारी दोघी गळ्यात पडून पोटभर रडल्या. मग फुरूजानने डोळे पुसले.

"बस ना, ताई."

"तू बस आधी. दमली असशील."

"तू पडली होतीस ना? तू आधी."

"तू धाकटी. तू बसल्याशिवाय मी कशी बसू?"

दोन्ही बाकं रिकामी. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. शेवटी मीच बसलो.